ब्लडवर्म म्हणजे नेमका कोण?

नमस्कार मंडळी. आपल्या बडोद्यात काचेच्या टाकीतले शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात जाऊन ‘ब्लडवर्म’ मागा. दुकानदार फ्रीझर उघडून लालभडक वड्यांचं पाकीट काढून देईल. अमेरिकेच्या मेन राज्यात गळाच्या सामानाच्या दुकानात हेच नाव घेतलंत, तर ओल्या समुद्री शेवाळात ठेवलेला जिवंत, वीतभर लांब प्राणी मिळेल, आणि तो चावतो. घोड्यांच्या डॉक्टरांना याच नावाने तिसराच जीव आठवेल: स्ट्राँजिलस व्हल्गॅरिस. हा घोड्याच्या आतड्यात राहणारा गोलकृमी आहे आणि त्याच्या अळ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत वाढतात. या तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही.

आज मला मुख्यतः समुद्रातल्या ब्लडवर्मबद्दल बोलायचं आहे, कारण त्याच्यावर फार अन्याय होतो. मराठीत त्याच्याबद्दल शोधायला गेलं की टाकीतल्या माशांचं खाद्यच समोर येतं.

शास्त्रात त्याच्या प्रजातीचं (जीनसचं) नाव ग्लायसेरा. मेनमधल्या जातीचं पूर्ण नाव ग्लायसेरा डायब्रँकिएटा. एलर्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये तिचं वर्णन केलं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेल्यांना नेरीस आठवत असेल. ग्लायसेरा त्याच वलयांकित, म्हणजे गांडुळासारखं कड्याकड्यांचं शरीर असलेल्या प्राण्यांतला. कातडी फिकट आणि इतकी पातळ की आतला लाल द्रव बाहेरून दिसतो. गंमत अशी की हे आपल्यासारखं नळ्यांतून फिरणारं रक्त नव्हे. ग्लायसेरामध्ये रक्तवाहिन्या जवळजवळ उरलेल्याच नाहीत. शरीराच्या पोकळीत जो द्रव असतो, त्यातच हिमोग्लोबिनने भरलेल्या पेशी तरंगतात आणि ऑक्सिजन पोचवतात.

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात तो बिळं करून राहतो. भक्ष्याच्या हालचालीने चिखल किंचित हलला की त्याला चाहूल लागते. मग तो आपली सोंड आतून बाहेर अशी उलटून फेकतो, आणि तिच्या टोकाला चार काळे, आकडीसारखे जबडे असतात. प्रत्येक जबड्याशी विषाची ग्रंथी असते. माणसाला चावला तर मधमाशी डसल्यासारखी कळ येते.

या जबड्यांपाशी मी जरा थांबणार आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांच्यात अ‍ॅटाकामाइट हे तांब्याचं खनिज सापडलं. टोकाशी तांब्याचं प्रमाण वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत जातं. तांबं समुद्री जीवांना घातक ठरतं. म्हणून तर जुन्या काळी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत. तेच तांबं हा मऊ देहाचा प्राणी स्वतःच्या दातांत साठवतो, आणि ते जबडे झिजायचं नाव घेत नाहीत. २०२२ मध्ये त्यामागचं प्रथिनही उलगडलं. ते तांब्याला धरून ठेवतं, आणि जबड्याचं मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य तयार व्हायलाही मदत करतं. इतकं मोठं रसायन चिखलात, कुठल्याही भट्टीशिवाय घडतं, याचं मला अजून नवल वाटतं.

मेनमध्ये ओहोटीच्या वेळी माणसं आखूड दांड्याच्या दाताळ्यांनी चिखल उकरून हे प्राणी हाताने वेचतात आणि गळाला लावायचं आमिष म्हणून विकतात. त्यावर कित्येकांचं घर चालतं. ग्लायसेराच्या इतर जाती भारताच्या किनाऱ्यांवरही आहेत. आपल्यापैकी पुष्कळजण कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला जातात. हे देऊळ समुद्रकाठी असून भरतीत पाण्याखाली जातं, म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच जावं लागतं. ओहोटीनंतर तिथे जो चिखल पसरतो, तो नुसता चिखल म्हणून पाहू नका. खंभातच्या आखाताच्या अशा चिखलात वलयांकित प्राणीही राहतात.

आता दुकानातला ब्लडवर्म. तो कृमी नाहीच, ती कीटकाची अळी आहे. कायरोनोमस प्रजातीच्या, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीची. ती गोड्या पाण्याच्या तळाशी गाळात वाढते, गटारासारख्या ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यातही. तिचा लाल रंगही हिमोग्लोबिनचाच, फक्त इथे ते पेशींत नसतं, थेट शरीरद्रवात विरघळलेलं असतं. कीटकांत हिमोग्लोबिन असणं दुर्मीळ. म्हणजे एकाच रंगामुळे, आणि त्यामागच्या एकाच रेणूमुळे, दोन परके प्राणी एका नावाखाली आले.

लोकांनी रंग पाहून नाव दिलं, त्यात गैर काही नाही. माझी तक्रार आपल्या लिहिणाऱ्यांशी आहे. ‘रक्तकृमी’ असा शब्द घडवून तो दोघांनाही लावला की गोंधळ मराठीतही कायमचा बसतो. ज्या शहरात १९३१ साली अनेक भाषांतल्या प्रतिशब्दांचा ‘सयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश निघाला, तिथे तरी आपण हे काम नीट करावं. समुद्रातल्याला ग्लायसेरा म्हणा, टाकीतल्याला कायरोनोमसची अळी म्हणा. मुलं डायनोसॉरची याहून अवघड नावं सहज बोलतात.

याचा आरोग्याशीही संबंध आहे. ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांनी लक्ष द्यावं. कायरोनोमसच्या अळ्या हाताळणाऱ्या काहींना शिंका, डोळ्यांची खाज, अंगावर गांधी, कधी दमाही होतो. अ‍ॅलर्जी होते ती मुख्यतः त्या लाल हिमोग्लोबिनचीच. सुकवलेल्या अळ्यांची भुकटी उडते, तिचा त्रास जास्त. मेनमध्ये ग्लायसेरा चावला तर ते प्रकरण विषाचं असतं. म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा नुसतं ‘ब्लडवर्म’ सांगू नका, खाद्याचं पाकीट सोबत न्या. आणि वड्या टाकीत सोडायच्या त्या चिमट्याने, बोटांनी नको. नंतर हात साबणाने धुवा, आणि त्याआधी डोळ्यांना लावू नका.