सळई कुठं अडली?

(ऊस तुटलेलं रान. ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या.)

वाळवा तालुका, जिल्हा सांगली. मार्च सरत आलाय, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पुढचं पीक) कारखान्याला गेला. आता नांगरट. ट्रॅक्टर बांधाला उभा आहे, पण काकांच्या हातात चावी नाही, मातीत घट्ट थर कुठं बसलाय ते बघायला दहा एमएमची सळई आहे. टोक घासून काढलेली.

पहिली सळई बांधावरच्या बाभळीखाली, जिथं कधी चाक गेलं नाही. दोन्ही हातांचा रेटा दिला, दोन वीत आत. आता चाकोरीत. एक वीत गेली आणि अडली. काका अंगठ्यानं खूण धरतात, उपसतात, हातभर पलीकडे पुन्हा खुपसतात. पुन्हा तेवढीच. ट्रॅक्टर वळतो त्या कडेला तर वीतभरही नाही. रानाच्या मधोमध मात्र सरळ गेली.

वर्षानुवर्षं नांगर त्याच आठ-नऊ इंचांवर चालतो, त्याच्या तळाखाली थर बसतो. वरून ओल्या रानात भरलेल्या ट्रॉल्या. काळी माती खरं तर उन्हाळ्यात आक्रसते, भेगाळते, आपली आपण सैल होते. बारमाही पाण्याखालच्या उसाच्या रानाला तो उन्हाळाच मिळत नाही.

या पाहणीसाठी रान आधी भिजवलं होतं, मग वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडं अशी ओल, येईपर्यंत थांबले. कोरड्या रानात सळई कुठंही अडते, चिखलात कुठंही जाते. पेनिट्रोमीटर, म्हणजे मातीत घुसायला किती दाब लागतो ते मोजणारं यंत्र, असेल तर आकडाही मिळतो: दर चौरस सेंटिमीटरला 20 किलोच्या आसपास दाब लागू लागला, की मुळ्यांची वाढ जवळपास थांबते.

(खड्डा. जवळून.)

वरची माती रवाळ, बोटांत भुगा होणारी. वीतभर खाली चपटी ढेकळं, पापुद्र्यांसारखी एकावर एक बसलेली. आणि ही मुळी बघा. सरळ खाली आली, थराला टेकली आणि काटकोनात वळून आडवी पळाली.

पाणी मुरत नाही, उसाचं टनेज घटतं.

सबसॉयलर, म्हणजे खोल जाऊन थर फोडणारं अवजार, साऱ्या रानात फिरवायचं कारण नाही, डिझेल काय फुकट येत नाही. फक्त चाकोऱ्या आणि वळणाची कड, थराच्या दोन इंच खालून. तेही रान आतून वाळल्यावर, कारण ओल्या काळ्या मातीत फाळ नुसती चीर पाडतो, थर तडकत नाही. म्हणजे पाहणी वाफशावर, थर फोडणं कोरड्यात.

काका चुन्याच्या फक्कीनं खुणा मारतात. ट्रॅक्टर आज तसाच घरी.