दान पडलं ते पडलं

(पडद्यावर: टेबलावर घरंगळणारा वीस बाजूंचा फासा. तो थांबतो न थांबतो तोच एक हात त्याला उचलतो.)

पाहिलंत? फासा नीट टेकलाही नव्हता. उचलणारा म्हणतो, "पुस्तकाला अडकून तिरका झाला होता, हे दान धरायचं नाही." समोरचा म्हणतो, "तिरका कुठे? चांगला सपाट होता की!" आता अर्धा तास खेळ बंद. ड्रॅगन बिचारा गुहेत ताटकळत बसलाय.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्यांना भांडायला एवढं निमित्त पुरतं. आणि ही खोड जुनी आहे. खेळाइतकीच जुनी.

(जुनी छायाचित्रं: तळं, लाकडी घरं.)

1974. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनिव्हा हे तळ्याकाठचं छोटं गाव. इथले गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटातले डेव्ह आर्नेसन, या दोघांनी रचलेला खेळ विक्रीला निघाला. पहिल्या खेपेला हजार खोकी, तीही हातानं भरलेली. आत तीन पातळ पुस्तिका. एक जण गोष्ट चालवणार, बाकीचे आपापलं पात्र होऊन तिच्यात शिरणार आणि अडेल तिथे फासा टाकायचा, इतपत त्यातून उमजायचं. बाकीच्या मोकळ्या जागा ज्यानं त्यानं आपल्या अकलेनं भरल्या. पत्त्यांचे नियम घरागणिक बदलतात ना, तसंच झालं. फरक एवढाच, की इथे प्रत्येक घराला आपलाच खेळ अस्सल वाटत होता. अजूनही वाटतो.

पहिलं भांडण तर खेळ सुरू होण्याआधीच. पात्र कसं बनवायचं?

पात्राचे गुण सहा: ताकद, बुद्धी, शहाणपण, चिवटपणा, चपळाई आणि लोकांवर पडणारी छाप. जुनी रीत अशी, की सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे, बेरीज त्या गुणापुढे लिहायची. आलेला आकडा दुसरीकडे हलवायचा नाही. मनात धिप्पाड योद्धा होता आणि ताकदीला 6 आले? मग योद्धा विसरा, दुसरं काहीतरी व्हा. तीन फाशांची एकूण 216 दानं, त्यांत 18 देणारं एकच. 1975 च्या पुरवणीत 'पॅलडिन' हा धर्मवीर आला, आणि त्याला अट काय, तर छाप किमान 17. म्हणजे सरळ फासे टाकले तर 54 जणांत एकाच्या नशिबी.

जुने खेळाडू म्हणतात, म्हणूनच टेबलावर पॅलडिन आला की लोक सावरून बसायचे. नवे विचारतात, मग उरलेल्या 53 जणांनी काय करायचं, टाळ्या वाजवायच्या? 1979 च्या पुस्तकात गायगॅक्स यांनीच थोडी सवलत दिली: चार फासे टाका, सर्वांत लहान आकडा सोडून द्या. 2014 च्या आवृत्तीत तर फासाच नको असेल तर 27 पॉइंट घ्या आणि भाजी घेतल्यासारखे सहा गुणांत मोजून वाटा, अशीही सोय आहे. हिशेब चोख, कुणावर अन्याय नाही. पण माझं मत विचाराल तर, वाटून घेतलेली पात्रं मला एका साच्यातून काढलेल्या गणपतींसारखी वाटतात. 6 ताकदीचा, धापा टाकणारा योद्धा मात्र लोकांना वर्षानुवर्षं आठवतो.

पुढचं भांडण चिलखताचं. ते पटकन उरकतो. जुन्या नियमांत चिलखत जितकं भक्कम, तितका त्याचा आकडा लहान. 'पहिल्या दर्जाचं' दुसऱ्याहून सरस, तसंच हे. आर्नेसन यांनी ही कल्पना आरमारी लढायांच्या खेळातून आणली. पुढे त्यातून 'थॅको' नावाची वजाबाकी निघाली. तुमचा थॅको 17, राक्षसाचं चिलखत 4, तर घाव लागायला वीस बाजूंच्या फाशावर किमान 13 हवेत. चिलखत उणे 2 असेल तर 19. सन 2000 मध्ये सगळं उलटवून सरळ बेरीज आणली, तरी "वजाबाकी येत नाही त्यांनी खेळू नये" म्हणणारे काका अजून भेटतात.

(चित्र: वाघाच्या डोक्याचा, झगा घातलेला, पाइप ओढणारा प्राणी.)

राक्षसावरून आठवलं. हा पाहा, खेळातला 'राक्षस'. नाव आपलंच. 1977 च्या पुस्तकात हा असा वाघतोंड्या, ऐटीत पाइप ओढत बसलेला. मंतरलेला बाण लागला की खलास. पुढच्या चित्रांत याचे तळहात उलटे झाले. आपल्याकडे भुतांचे पाय उलटे, तिकडे राक्षसाचे हात! रामायण ऐकत वाढलेल्या माणसाला हे पाहून हसू आवरत नाही. पण त्याला हात लावाल तर खबरदार. या वाघोबाचे चाहते फार कडवे आहेत.

(पुठ्ठ्याचा उभा आडपडदा. मागून फाशांचा आवाज.)

आता खरी ठिणगी. गोष्ट चालवणारा 'डंजन मास्टर' या पडद्याआड फासे टाकतो. समजा, तीन महिने जपलेलं तुमचं पात्र गॉब्लिन नावाच्या एका क्षुल्लक, बुटक्या शत्रूच्या दानानं मरतंय. मास्टर पडद्याआड 20, म्हणजे सर्वांत मोठं दान, पाहतो आणि तोंडानं म्हणतो, "चुकला, थोडक्यात वाचलास." ही माया की लबाडी?

1979 च्या त्याच पुस्तकात मास्टरला फाशाचा निकाल फिरवण्याचा अधिकार दिलेला आहे. म्हणजे कागदोपत्री लबाडी नाही. तरीही मी त्या पडद्याच्या विरोधात आहे. गॉब्लिनचा 20 खोटा ठरू शकतो हे एकदा कळलं, की माझा 20 सुद्धा मला खरा वाटेनासा होतो. आमच्यात वाद नियमांचा दिसतो. आतून तो एवढाच असतो, की फाशाचं किती ऐकायचं.

आणि तो फासा तरी सरळ आहे का? लू झॉकी नावाचे फासे विक्रेते वीस बाजूंचे फासे एकावर एक रचून दाखवत. एका उतरंडीची उंची दुसरीशी जुळत नसे. गुळगुळीत करायला घोळवताना फाशाच्या कडा कमीजास्त झिजतात, हा त्यांचा मुद्दा. स्वतःचे टोकदार कडांचे फासे विकायचे होतेच, पण उतरंड खोटं बोलत नव्हती.

घरच्या घरी तपासायचं तर असं.

(पेल्यात पाणी. मूठभर मीठ. आणखी मूठभर. पहिल्या दृश्यातला फासा तरंगू लागतो.)

बोटानं फिरवला. वर आले 20. पुन्हा फिरवला. 20. आतमध्ये कुठेतरी हवेचा बुडबुडा असणार. पुन्हा. 20.

टेबलाभोवती सगळे गप्प. मालकानं फासा बाहेर काढला, सदऱ्याला पुसला आणि पिशवीत टाकला. सगळ्यांत वर.