वहीतल्या चुकीपासून सुरू होणारं ट्रेनिंग

नमस्कार मंडळी. शिक्षकांच्या ट्रेनिंगवर बोलणार म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, हे त्या मास्तरांचं मास्तरांनी बघावं, आपला काय संबंध. पण घरात पाचवी ते दहावीचं एखादं लेकरू असेल ना, तर हा तुमचाही विषय आहे, म्हणून रेडिओ बंद करू नका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते, 19 वर्षं झाली.

सहावीच्या वर्गातली गोष्ट सांगते. फळ्यावर दोन संख्या लिहिल्या, 0.8 आणि 0.35, आणि विचारलं, मोठी कोणती? अर्ध्याहून जास्त हात 0.35 साठी वर. पूर्वी असं झालं की मी म्हणायचे पोरांचं लक्ष नाही, परत नियम सांगायचे, पुढे शून्य दे, 0.80 कर, आता बघ. पोरं शून्य द्यायला शिकायची, आणि चार दिवसांनी 0.8 आणि 0.125 दिलं की ये रे माझ्या मागल्या. यावेळी मी एका मुलीला शेजारी बसवलं आणि विचारलं, तुला असं का वाटलं गं? ती म्हणाली, "बाई, आठपेक्षा पस्तीस मोठे ना?"

अगदी बरोबर बोलली ती! कारण वर्गात "शून्य पॉइंट पस्तीस" असं मीच वाचत होते. दशांश चिन्हाच्या पुढचे अंक सुटे वाचायचे असतात, तीन पाच, म्हणजे तीन दशांश आणि पाच शतांश, पण तोंडाला पस्तीसची सवय, आणि पोरांच्या कानावर पडतं ते पस्तीसच. त्यात आपण रुपये-पैशाचं उदाहरण देतो, सोपं म्हणून, आणि मुलं शिकतात की चिन्हाच्या अलीकडे एक संख्या न् पलीकडे दुसरी, मग 2.5 रुपये किती असं विचारलं की दोन रुपये पाच पैसे असं उत्तर येतं. आता तर पोरांनी पैशाचं नाणं हातातसुद्धा धरलेलं नसतं.

तुम्हाला आठवत असेल, 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीससोबत "वीस एक" असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. बाजू कुठलीही घ्या, पण प्रश्न खरा होता, सत्तावन्न ऐकताना सात आधी ऐकू येतो म्हणून लहान पोर 75 लिहून मोकळं होतं, त्याची ती चूक कानातून आलेली असते.

हे मला ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याचंच मला वाईट वाटतं. मी गेले त्यातली बरीचशी प्रशिक्षणं एका साच्यातली, मोठा हॉल, शंभर-सव्वाशे शिक्षक, समोर पीपीटी, तज्ज्ञ मार्गदर्शक बोलतायत, आपण लिहून घेतोय, सह्या, फोटो, संपलं. कोविडनंतर मोबाईलवर आलं, व्हिडिओ बघा, प्रश्न सोडवा, सर्टिफिकेट डाउनलोड करा. घरी बसून बघता येतं ही सोय चांगलीच आहे, दूरच्या वाडीवरच्या शिक्षकाला तर फारच. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या शिकण्याला द्यावेत असं म्हटलंय, मला ते मनापासून पटतं. पण त्या 50 तासांत वर्गातल्या एकाही पोराची वही उघडली जात नसेल तर ते तास कुणासाठी?

आपल्याच देशात हे वेगळ्या पद्धतीने झालंय. शेजारच्या मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यात, 1972 साली 16 शाळांमध्ये विज्ञान शिकवायचा एक प्रयोग सुरू झाला, किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सुरू केलेला. 1978 मध्ये तो जिल्हाभर गेला, पुढे 'एकलव्य' संस्थेने सांभाळला, 2002 मध्ये बंद झाला. उन्हाळ्यात तीन-तीन आठवडे शिक्षक एकत्र बसायचे आणि मुलांना जे प्रयोग करायचे असतील ते सगळे आधी स्वतः करायचे. नंतर दर महिन्याला परत भेटायचे, कुठला प्रयोग वर्गात फसला ते बोलायला. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे महिन्याचं भेटणं. पुढे पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी करून ज्यांनी विज्ञान शिकवलं ते अरविंद गुप्ता 1978 मध्ये या होशंगाबादलाच गेले होते, आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे जोडून आकार करायची त्यांची युक्ती तिथलीच. घरी करून बघा, त्रिकोण केला तर दाबूनही हलत नाही आणि चौकोन बोटाच्या धक्क्याने तिरका होतो. घराच्या पत्र्याखालच्या कैच्या त्रिकोणी का असतात ते मग कुणी सांगावं लागत नाही.

आमच्या केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, आम्ही सात जण आता दर महिन्याला एका शनिवारी शाळा सुटल्यावर थांबतो. पहिल्याच वेळी एका सरांनी प्रत्येकासमोर एक सेल, टॉर्चचा एक छोटा बल्ब आणि वायरचा एकच तुकडा ठेवला. लावा म्हणाले. मी वर्षानुवर्षं विद्युत परिपथाची आकृती फळ्यावर काढतेय, पण आकृतीत दोन वायरी, बल्बला होल्डर. इथे एकच वायर. बल्ब सेलवर उभा केला, वायर काचेला टेकवून बघितली, सेलच्या खाली लावली, काही नाही. वीस मिनिटं गेली. मग शेजारच्या बाईंचा पेटला आणि त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या. बल्बचं बूड सेलच्या टोकाला, वायरचं एक टोक सेलच्या खालच्या बाजूला आणि दुसरं बल्बच्या कडेच्या धातूला टेकवायचं, म्हणजे बल्बलाही दोन जागा असतात, वीज एकीकडून आत येते न् दुसरीकडून बाहेर जाते. हे मला पाठ होतं, पण बोटांना त्या दिवशी कळलं, आणि आता सातवीला शिकवताना मी होल्डर देतच नाही.

आमच्यात नियम एकच, प्रत्येकाने एक वही आणायची, चुकलेल्या उत्तराची. कुणी 52 मधून 27 वजा करून 35 आणलेले असतात, दोनातून सात जात नाहीत म्हणून पोराने सातातून दोन काढलेले. मग आम्ही शेरा मारायच्या आधी विचार करतो की या पोराने कुठला नियम स्वतःच बनवलाय.

तुम्ही पालक म्हणून एक करू शकता. बाई ट्रेनिंगला गेल्या म्हणून वर्ग बुडाला तर चिडू नका, त्या परत आल्या की विचारा, काय करून बघितलंत? आणि मुख्याध्यापकांना विनंती आहे, महिन्यातला एक तास द्या, चहा आम्ही आमचा करतो.

येत्या शनिवारी अपूर्णांकांचा भागाकार घेतलाय. तीन भागिले एक छेद दोन, उत्तर सहा, उलटं करून गुणायचं हे सगळ्यांना येतं. पण भागल्यावर उत्तर वाढलं कसं असं पोराने विचारलं तर? एक बाई घरून तीन भाकरी आणणार आहेत, प्रत्येकाला अर्धी द्यायची आणि किती जणांना पुरतात ते मोजायचं. आम्ही सात जण आहोत, एकाला उपाशी राहावं लागणार, पण उत्तर सगळ्यांना दिसेल.