जैसे थे म्हणजे नेमकं कसं?

नाशिकच्या औषध बाजारातले, गोळे कॉलनीतले बरेच चेहरे समोर दिसतायत, त्यामुळे कलमं कमी सांगतो. जमिनीच्या दाव्यात आपण पहिला शब्द ऐकतो तो जैसे थे. बांधावर खांब रोवू नका, निकाल लागू द्या, जमीन काही पळून जात नाही. औषधाच्या पेटंटचं तसं नाही हो, अर्ज केल्यापासून 20 वर्षं म्हणजे 20 वर्षं, केस चालूये म्हणून ती काही थांबत नाहीत. म्हणून निकाल लागेपर्यंत माल विकू नका असा मनाई हुकूम नावाला तात्पुरता, पण खरी मारामारी तिथेच होते.

रोश विरुद्ध सिप्ला घ्या, पेटंट रोशचं. कॅन्सरची एर्लोटिनिब, रोशची गोळी 4800 रुपयांना, सिप्लाची 1600 ला. 2008 मध्ये दिल्ली हायकोर्टाने मनाई नाकारली, 2009 ला अपीलही फेटाळलं. 2015 मध्ये डिव्हिजन बेंच, म्हणजे दोन जजचं खंडपीठ, म्हणालं की सिप्लाने पेटंटचा भंग केलाय, पण तोवर पेटंटचे काही महिनेच उरले होते, मग मनाई देऊन करायचं काय? सिप्लाकडून नफ्याचा हिशेब मागा म्हणाले.

आता अपिलाचं. आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे की अपील टाकलं म्हणजे खालचा हुकूम आपोआप थांबला. नाही थांबत, वेगळा अर्ज करून स्टे मागावा लागतो. आणि खाली मनाई मिळालीच नसेल तर स्टे मागणार कशाला? नकाराला स्टे दिला म्हणून मनाई थोडीच उगवते! मग वरच्या कोर्टाकडे अपिलाच्या निकालापर्यंतची नवी मनाई मागायची, आणि ती मिळणं जड जातं, कारण 1990 मध्ये वांडर विरुद्ध अँटॉक्समध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की खालच्या जजने नीट विचार केला असेल तर दुसरं मतही शक्य होतं एवढ्यावर तो निर्णय फिरवू नका.

पण फिरतो कधीकधी. ग्लेनमार्क, आपल्या सातपूरला प्लांट आहे ती. शुगरची सिटाग्लिप्टिन त्यांनी झिटा नावाने आणली, 2013 ला सिंगल जजने पेटंटवाल्या मर्कला मनाई दिली नाही, दोन वर्षं माल विकला गेला आणि मार्च 2015 मध्ये डिव्हिजन बेंचने मनाई दिली. निकाल लिहिणारे जस्टिस रवींद्र भट, म्हणजे 2008 ला सिप्लाविरुद्ध मनाई नाकारणारे तेच! दोन्हीकडचं पेटंट, पुरावे वेगळे, विसंगती म्हणून नाही सांगत. पण बघा, दोन वर्षं पेशंट ती गोळी घेतायत, तेव्हा जैसे थे म्हणजे 2013 चं की 2015 चं? मला विचाराल तर अपील लांबवणं हाच एक निकाल असतो.

रिस्डिप्लाममध्ये तरी वेळ कमी गेला. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीचं औषध, रोशची बाटली सहा लाखांच्या घरात, नॅटकोची 15,900. मार्च 2025 ला मनाई नाकारली, ऑक्टोबरमध्ये अपील फेटाळलं, त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानेही हात घातला नाही.

मागून एक स्टॉकिस्ट विचारतायत, अपिलात मनाई आली तर माझ्या रॅकवरच्या बॉक्सचं काय? साहेब, व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज नका वाचू, हुकमाची कॉपी मागवा. मनाई फक्त कंपनीवर आहे की डिस्ट्रिब्युटरही त्यात ओढलेत, आणि विकून झालेल्या मालाला सूट दिलीये का, हे त्या दोन ओळींत असतं. तोवर त्या बॅचची बिलं वेगळ्या फाइलला लावून ठेवा.