खांबाची साक्ष

नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेत विषय छापलाय ‘मोटारीतल्या रडारची दिशा-अचूकता’. ते बरोबरच आहे, पण मला आज बाजू मांडायची आहे ती रस्त्याकडेला उभ्या असलेल्या खांबाची. तो कसा मध्ये आला, ते सांगते. आधी थोडं मागं जाऊ.

१९०४ च्या मे महिन्यात कोलोनला, राइन नदीकाठी, ख्रिस्तिआन हुल्समायर या बावीस वर्षांच्या तरुणानं एक यंत्र लोकांना दाखवलं. बोट आली की यंत्रातून निघालेली लहर तिच्यावर आपटून परत यायची आणि घंटा वाजायची. अँटेना फिरवता येत असल्यामुळे बोट कोणत्या बाजूला आहे तेही समजायचं. किती लांब आहे, हे मात्र थेट मोजता यायचं नाही. दिशा कळायची, अंतर नाही.

आज मोटारीच्या बंपरमागे रडारची जी चपटी डबी बसते, तिचं नेमकं उलटं आहे. ती ७७ गिगाहर्ट्‌झच्या आसपास काम करते, तरंगलांबी जेमतेम ३.९ मिलीमीटर. लहरीची वारंवारता ती सरसर वर चढवत नेते, त्याला आपण चिर्प म्हणतो. हा चढ १ गिगाहर्ट्‌झचा असला तर १५ सेंटिमीटरच्या फरकानं उभ्या असलेल्या दोन वस्तू वेगळ्या ओळखू येतात. वेगाचं तर विचारूच नका. वस्तू जवळ येताना किंवा लांब जाताना परतलेल्या लहरीची वारंवारता बदलते, तो डॉपलर. त्यामुळे सेकंदाला १० सेंटिमीटर इतका बारीक फरकही सापडतो. अंतर उत्तम, वेग उत्तम. आणि दिशा? तिथं ही डबी चाचपडते.

माझी जुनी तक्रार अशी, की रडारबद्दल बोलताना पहिला प्रश्न नेहमी ‘किती लांबचं दिसतं?’ हाच असतो. माहितीपत्रकात सर्वांत मोठ्या अक्षरांत तोच आकडा. पण दोनशे मीटरवर काहीतरी आहे एवढंच कळलं आणि ते माझ्या लेनमध्ये आहे की शेजारच्या, हे कळलं नाही, तर ब्रेक लावायचा की नाही?

दिशा कशी काढतात ते तुम्हाला माहीत आहे. अँटेनांची एक ओळ असते, शेजारच्या दोघांत अर्ध्या तरंगलांबीचं, म्हणजे साधारण २ मिलीमीटरचं अंतर. लहर तिरकी आली तर एका अँटेनाला ती किंचित आधी भेटते, दुसऱ्याला नंतर. हा ‘किंचित’ किती असतो, ते एकदा मोजून पाहा. समोरच्या रेषेपासून वस्तू १ अंश बाजूला असेल, तर दोन शेजारी अँटेनांमध्ये लहरीच्या वाटेचा फरक पडतो ०.०३४ मिलीमीटर. माणसाच्या केसापेक्षाही बारीक. दिशा ठरते ती एवढ्याशा फरकावरून.

दुसरी अडचण ओळीच्या लांबीची. तीन पाठवणारे आणि चार घेणारे अँटेना असले की प्रत्येक जोडी एक धरून हिशेबात बारा अँटेनांची ओळ तयार होते. तेवढ्या ओळीला दोन वस्तू वेगळ्या दिसायला त्यांच्यात जवळजवळ १० अंशांची फट लागते. शंभर मीटरवर ही फट १७ मीटर रुंद होते. एकटी वस्तू असेल तर तिची दिशा याहून कितीतरी बारकाईनं काढता येते, हे मान्य. पण सारख्याच अंतरावर, सारख्याच वेगानं दोन ट्रक शेजारी शेजारी चालले असतील, तर या ओळीला त्यांचा मिळून एकच गठ्ठा दिसतो.

यावर गणिती उपायही आहेत. राल्फ श्मिट यांचा १९८६ चा लेख प्रसिद्ध आहे. त्यातल्या पद्धतीचं नाव म्युझिक, आणि आमच्या क्षेत्रात प्रत्येकानं ती कधी ना कधी वाजवून पाहिलेली आहे. (हसू.) पण तिला एकाच दृश्याचे पुष्कळ नमुने लागतात. धावत्या गाडीत एका क्षणाला एकच नमुना हाती येतो, आणि त्यातले सगळे प्रतिध्वनी एकाच लहरीची पोरं असल्यानं एकमेकांत मिसळलेले असतात. तडजोडी करून काम भागवता येतं, पण प्रयोगशाळेतलं यश रस्त्यावर जसंच्या तसं मिळत नाही.

आता तो प्रसंग. थोडा वेळ घेईल, पण सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.

आम्ही एका चाचणीच्या गाडीवर काम करत होतो. पुढच्या डाव्या कोपऱ्यातलं रडार रस्त्याकडेचे खांब सतत थोडे आत, रस्त्याच्या बाजूला दाखवायचं. खांबांची सरळ रांग पडद्यावर वाकलेली. चूक साधारण २ अंशांची. लहान वाटते, पण ५० मीटरवर तिचे पावणेदोन मीटर होतात, म्हणजे अर्धी लेन. आम्ही प्रोग्रॅम तपासला. ब्रॅकेटचा कोन मोजला. रडार बदललं. नवं रडारही तीच चूक करू लागलं, तेव्हा पुन्हा प्रोग्रॅमवर संशय. असे तीन आठवडे गेले. रात्री डोळे मिटले की वाकलेली रांग दिसायची.

शेवटी आमच्यातल्या सर्वांत तरुण मुलीनं विचारलं, ‘बंपर काढूनच गाडी चालवून पाहू का?’ काढला. रांग सरळ!

ती गाडी आमच्याकडे येण्याआधी कुठंतरी घासली होती. कोपऱ्यावर पुट्टी भरून वर रंग मारला होता. काम सुबक, हात फिरवला तरी कळत नव्हतं. पण पुट्टी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. प्लॅस्टिकचा बंपर रडारला बऱ्यापैकी पारदर्शक असतो, तेही त्याची जाडी आतल्या अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत जुळवलेली असली तर. त्यावर असा उतरता थर चढला की तो काचेच्या लोलकासारखी लहर वाकवतो. जिथं केसाएवढ्या फरकावर सगळं उभं आहे, तिथं आम्ही पुट्टीतून बघत होतो.

मला आजही लागतं ते याच्या पुढचंच. बंपर काढायची गरजच नव्हती. तीन आठवडे आमच्या नोंदींमध्ये प्रत्येक खांब सांगत होता की दिशा चुकतेय, आणि आमच्यापैकी कोणी ते वाचलं नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरली. तर मुख्य मुद्दा भराभर मांडते.

खांब हलत नाही. तो जवळ येताना जो वेग दिसतो, तो सगळा आपल्या गाडीचाच. गाडीचा वेग सेकंदाला २० मीटर आणि खांब चालण्याच्या दिशेपासून ६० अंशांवर असेल, तर डॉपलरनं बरोबर १० मीटर दाखवलं पाहिजे, कारण ६० अंशांचा कोसाइन अर्धा. अँटेना ५८ अंश म्हणत असेल, तर वेग १०.६ यायला हवा. म्हणजे दोन साक्षींत ०.६ मीटरचा फरक, आणि रडारला ०.१ मीटरचा फरक दिसतो. आमचा दोष पहिल्याच फेरीत पकडता आला असता.

म्हणून माझं म्हणणं असं: स्थिर वस्तूंची दिशा डॉपलरवरून काढा, आणि तीच अँटेनाला रोज शिकवा. २० मिलिसेकंदांच्या निरीक्षणात, या वेगाला, ६० अंशांवर एक तृतीयांश अंशाइतकी बारीक दिशा मिळते. कोसाइनला डावं-उजवं कळत नाही, ते अँटेनानं सांगावं, तेवढं त्याला जमतं. स्थिर वस्तू कोणत्या? कोन आणि वेग आलेखावर मांडले की ज्या बहुसंख्येनं एकाच कोसाइनच्या वक्रावर बसतात त्या. चालत्या गाड्या वक्राबाहेर पडतात. गाडीचा स्वतःचा वेगही त्याच वक्रातून काढा, चाकांवर विसंबू नका, टायर झिजतात. वळणावर रडारच्या जागेला आडवा वेग मिळतो, तो धरायला विसरू नका. मग प्रत्येक कोनासाठी दुरुस्तीचा तक्ता गाडी चालता चालता भरत जाईल, आणि बंपर बदलला, रंगवला, घासला, तरी तो पुन्हा जुळेल.

मर्यादा दोन, आणि दोन्ही मोठ्या. गाडी उभी असेल तर यातलं काहीच मिळत नाही. आणि अगदी समोर कोसाइन जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे डाव्या-उजव्या सुमारे ६ अंशांत सगळं एकाच वेगाचं दिसतं. शंभर मीटरवर ही पट्टी दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर पसरते, म्हणजे आपली लेन आणि शेजारच्या लेन तिच्यातच आल्या. तिथं लांब ओळच हवी. बारा पाठवणारे आणि सोळा घेणारे अँटेना घेतले तर १९२ ची ओळ होते आणि सुमारे ०.६ अंशाची फट ओळखू येते. खर्च, उष्णता आणि आकडेमोड सगळंच वाढतं, म्हणून मी तो पैसा फक्त समोरच्या रडारवर घालीन. कोपऱ्यांतल्या रडारांना खांब पुरेत.

वेळ संपली. तिसऱ्या रांगेतला हात मघापासून वर आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू.