४१५ यार्डांचं गाव

नमस्कार श्रोतेहो.

तव्यावरचं धिरडं हवेत उडवायचं आणि पालथं करून पुन्हा तव्यातच झेलायचं, असा उद्योग मी लहानपणी केला असता तर आजीनं उलथनं पाठीतच घातलं असतं. इंग्लंडमधल्या ओल्नी गावात बायका वर्षातून एकदा हेच करतात, आणि तेही पळता पळता, अख्ख्या गावादेखत.

मी जवळच, मिल्टन कीन्सला राहते. ओल्नी हे ग्रेट ऊज नदीकाठचं जुनं बाजाराचं गाव. एका टोकाला बाजारचौक, दुसऱ्या टोकाला संत पीटर आणि संत पॉल यांचं चौदाव्या शतकातलं दगडी चर्च. त्याचा मनोरा १८५ फूट उंच, त्यामुळे बसमधून गाव दिसायच्या आधी मनोरा दिसतो.

शर्यतीचा दिवस म्हणजे राखेच्या बुधवारच्या आदला मंगळवार. गोव्यातला इंत्रुज, म्हणजे कार्निव्हल, संपतो तोच हा दिवस. दुसऱ्या दिवसापासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ. पूर्वी त्यात अंडी, दूध, लोणी वर्ज्य असायचं. मग घरात उरलेल्या जिन्नसाचं करायचं काय? पिठात कालवा आणि पॅनकेक घाला. १४४५ साली म्हणे ओल्नीतली एक बाई अशीच चुलीपाशी होती, तेवढ्यात पापांच्या कबुलीसाठी बोलावणारी चर्चची घंटा झाली. बाई उशीर झाला म्हणून तशीच धावत सुटली, हातात तवा आणि तव्यात पॅनकेक! कथा सांगोवांगीची आहे, पण गावात तिच्यावर शंका घेण्याच्या फंदात कुणी पडत नाही.

शर्यत मधल्या काळात बंद पडली होती. १९४८ साली तिथल्या पाद्रीबाबांना जुने फोटो सापडले आणि त्यांनी ती पुन्हा सुरू केली. १९५० पासून अमेरिकेतलं लिबरल नावाचं कॅन्सस राज्यातलं गावही त्याच दिवशी तेवढंच अंतर पळतं आणि दोन्हीकडच्या वेळा ताडून पाहतात. अंतर ४१५ यार्ड, म्हणजे साधारण ३८० मीटर. डोक्याला रुमाल, कमरेला स्कर्ट, वर एप्रन हा पोशाख सक्तीचा. पळणारी बाई गावातच राहणारी हवी, म्हणून माझी सुटका. सकाळी अकरा पंचावन्नला चौकात हातघंटा वाजते, पॅनकेक एकदा उडवतात आणि सगळ्या सुटतात. मिनिटा-सव्वा मिनिटात खेळ आटोपतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पर्समधून मोबाइल काढेपर्यंत शर्यत संपलीसुद्धा! चर्चपाशी पोचल्यावर पॅनकेक पुन्हा उडवायचा. मग चर्चचा सेवक जिंकलेल्या बाईच्या गालाचा मुका घेतो आणि म्हणतो, प्रभूची शांती तुझ्याबरोबर असो.

खरं तर मला शर्यतीपेक्षा हा रस्ताच जास्त आवडतो. या चौकापासून त्या मनोऱ्यापर्यंत रमतगमत चाललं तरी दहा मिनिटं लागत नाहीत, पण तेवढ्यात केवढी माणसं राहून गेली.

चौकातल्या विटांच्या घरात विल्यम कूपर हा कवी १७६८ पासून १७८६ पर्यंत राहिला. स्पेलिंग वाचाल तर काउपर वाटेल, पण म्हणायचं कूपर. मनानं फार हळवा, वेडाचे झटके सोसलेला माणूस. त्यानं तीन ससे पाळले होते आणि त्यांच्यावरही लिहून ठेवलं. आता त्या घरात संग्रहालय आहे. तिथं काचेमागे हाडाच्या नक्षीदार फिरक्या ठेवल्यात, बोटभर लांब, टोकाला रंगीत मणी ओवलेले. कुणाकुणावर तर टिंबाटिंबांनी नावं कोरलेली असतात. या गावातल्या बायका मांडीवरच्या उशीवर टाचण्या रोवून अशा फिरक्यांनी लेस विणायच्या. ती लेस बड्यांच्या गळ्यात मिरवायची आणि विणणारीच्या घरात चूल पेटायची मारामार. १७८० साली कूपरनं एका पत्रात लिहिलंय, की या भिकार गावात बाराशेच्या आसपास लेस विणणारे आहेत आणि शेकडो लोक उपासमारीच्या काठावर आहेत.

अशा लोकांसमोर प्रवचन करायला १७६४ मध्ये आला जॉन न्यूटन, एकेकाळचा गुलामांच्या जहाजाचा कप्तान. चर्चमध्ये इतकी गर्दी व्हायला लागली, की सज्जा बांधून जास्तीची बाकं घालावी लागली. न्यूटनचं घर आणि कूपरचं घर यांच्यामध्ये एक फळबाग होती. एकमेकांकडे जायला परसातून आडवाट मिळावी म्हणून दोघं मित्र त्या बागेच्या मालकाला वर्षाला एक गिनी द्यायचे. दोघांनी मिळून गावातल्या प्रार्थनासभांसाठी गीतं रचली. १७७९ मध्ये ती ३४८ गीतं पुस्तकरूपानं आली.

कीर्तनकार निरूपणाला साजेसा अभंग घेतो ना, तसं न्यूटन प्रवचनाला जोडून गीत लिहायचा. १ जानेवारी १७७३ च्या प्रवचनाला बायबलमधली दावीद राजाची प्रार्थना होती: मी कोण, की तू मला इथवर आणलंस? तिच्यासाठी रचलेलं गीत म्हणजे 'अमेझिंग ग्रेस'. आज जगभर गातात ती चाल त्याला १८३५ मध्ये अमेरिकेत लागली. ओल्नीतल्या त्या लेसवाल्या बायकांच्या कानावर ती कधी पडलीच नाही.

या गीतामागची गोष्ट सांगताना लोक एक गफलत करतात. वादळात सापडला, देव आठवला आणि गुलामांचा धंदा सोडला, असं चटकन सांगून मोकळे होतात. वादळ १७४८ चं. त्यानंतरही न्यूटन कप्तान होऊन गुलाम वाहत राहिला. १७५४ मध्ये समुद्र सोडला तोही तब्येतीपायी. त्या व्यापाराविरुद्ध त्यानं जाहीरपणे लिहिलं १७८८ मध्ये, ओल्नी सोडून लंडनला गेल्यावर. हिशेब केला तर चाळीस वर्षं. मला हा उशीर लपवावासा वाटत नाही. त्यानं स्वतःही तो लपवला नाही, उलट कबुली फार उशिरा आली असंच लिहिलं. १८०७ मध्ये तो लंडनमध्ये वारला. १८९३ मध्ये त्याला इथं आणून चर्चच्या आवारात पुरलं. थडग्यावरचा मजकूर त्याचाच आहे: एकेकाळचा नास्तिक आणि स्वैराचारी, आफ्रिकेत गुलामांचा चाकर.

पण मराठी माणसानं ओल्नीत आणखी एका दारापाशी थांबायला हवं. हाय स्ट्रीटवर बॅप्टिस्ट मंडळीचं प्रार्थनागृह आहे. हे लोक सरकारी चर्चपासून वेगळे निघालेले. १७८५ च्या उन्हाळ्यात तिथं जोडे शिवणारा एक तरुण परीक्षेचं प्रवचन द्यायला उभा राहिला. मंडळीनं ऐकलं, आणि नापास नाही पण पासही केलं नाही. ठराव असा झाला, की सध्या बोलतो तिथं बोलत राहा, पुन्हा आमच्यासमोर ये, तुझे गुण आणखी पारखून पाहू. पुढच्या वर्षी मंजुरी मिळाली. त्या तरुणाचं नाव विल्यम केरी.

हो, तोच. १७९३ मध्ये तो बंगालला गेला आणि परत आला नाही. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवू लागला. पंडित वैजनाथ यांच्या मदतीनं, महाराष्ट्रात पाऊल न ठेवता, त्यानं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश. कोशातले मराठी शब्द मोडी लिपीत छापलेत. आपल्या भाषेच्या पहिल्या छापील व्याकरणांपैकी एकाचा कर्ता ओल्नीतल्या या बाकांपुढे, बहुधा घाम पुसत, उभा होता!

शर्यतीनंतर सगळे चर्चमध्ये जमतात. बक्षिसं तिथंच देतात, आणि न्यूटन-कूपरच्या संग्रहातली गीतं गातात. त्या दिवशी माझ्या शेजारच्या बाकावर एक आजी होत्या. मी मराठी म्हटल्यावर त्यांना काही उमजलं नाही. केरीची गोष्ट सांगितली, तेव्हा म्हणाल्या, "अच्छा, आमच्या चॅपलमधला तो चांभार." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमच्यात पॅनकेक करतात का?"

म्हटलं, "करतो की, बेसनाचं, अंड्याशिवाय."

"आणि उडवता?"

"नाही," म्हटलं, "आजी मारते."