गाडी गेली, नाव राहिलं

(दृश्य: टेबलावर मोबाइल वाजतो आहे. अनोळखी नंबर. फोन बंद होतो, लगेच दुसरा वाजतो.)

"सर, गाडी आहे ना अजून? सिंगल ओनर? पासिंग कुठलं? लास्ट किती, बोला."

जुनी गाडी विकायची म्हणून ऑनलाइन जाहिरात टाकली की थोड्याच वेळात असे फोन सुरू होतात. कुणी म्हणतं, घरच्या वापरासाठी हवी आहे. कुणी म्हणतं, मेव्हण्यासाठी बघतोय. पुणे असो, नाशिक असो की कोल्हापूर, यातले बरेच फोन आलेले असतात जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांकडून, त्यांच्या 'परचेस'च्या टेबलावरून.

(दृश्य: छोटं ऑफिस. कानाला फोन लावलेली दोन तरुण मुलं, समोर वहीत गाड्यांच्या नंबरांची यादी.)

नवीन गाड्यांच्या शोरूमला कंपनी माल पाठवते. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला तो लोकांच्या पार्किंगमधून उचलून आणावा लागतो. विकायला माणसं ठेवावीत, त्याहून हुशार माणसं त्याला खरेदीला ठेवावी लागतात. ही मुलं सकाळी जाहिराती चाळतात, यादी करतात आणि फोन लावत बसतात. दिवसभर नकार ऐकायचे, अधूनमधून शिव्याही. महिन्याच्या टार्गेटवर पगार ठरतो. त्यांना सरसकट लबाड ठरवणं मला पटत नाही. पण घरचा ग्राहक असल्याचं सांगून व्यापाऱ्यासाठी बोलणं, हे मात्र चुकीचंच आहे. समोरच्याला आपण कुणाशी बोलतोय ते कळायला हवं.

फोन लावण्याआधीच त्यांना बरंच काही माहीत असतं. जाहिरातीतल्या फोटोत नंबर प्लेट दिसली की सरकारी ॲपवर नोंदणीची तारीख आणि विम्याची मुदत सापडते. गाडी बघायला आलेला माणूस टायरच्या कडेवरचे चार अंक वाचतो. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र दारांवरून फिरवलं की कुठला पत्रा कंपनीच्या रंगाचा आणि कुठला डेंटिंग-पेंटिंग झालेला, ते उघडं पडतं. मग फोनवर सांगितलेला आकडा दारात खाली येतो.

व्यापाऱ्याचं गणितही समजून घ्यायला हवं. गाडी शेवटी कितीला जाईल ते धरून तो मागे मागे येतो. दुरुस्ती वजा, भांडवलावरचं व्याज वजा, जागेचं भाडं वजा, स्वतःचा नफा वजा. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरावा लागतो. तो जानेवारी 2025 पासून सगळ्याच जुन्या गाड्यांसाठी 18 टक्के झाला. लहान गाड्यांवर आधी 12 टक्के होता. पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला आणि परचेसच्या टेबलाला एक हुकमी वाक्य मिळालं: "सर, नवीनच एवढ्यात येते आता." हे खोटं नाही. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरतोच.

तर भावावरून घासाघीस होते. घरातले सगळे त्यात पडतात, दहा हजार वर की खाली. शेवटी टोकन येतं, उरलेले पैसे खात्यात जमा होतात, आणि मग एक कागद पुढे सरकतो.

(दृश्य: कोरे फॉर्म. बोट सहीची जागा दाखवतं. 'इथे, इथे आणि इथे.')

फॉर्म 29 आणि फॉर्म 30. पहिला गाडी विकल्याची सूचना देणारा, दुसरा मालकी बदलण्याचा अर्ज. विकत घेणाऱ्याचा रकाना बऱ्याचदा रिकामा असतो. मालक सही करतो, किल्ली देतो आणि गाडी जाते.

रकाना रिकामा का? व्यापाऱ्याने गाडी आधी स्वतःच्या नावावर केली तर आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, एक ओनर वाढतो, फी जाते आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडून मिळणारा भाव पडतो. म्हणून खरं गिऱ्हाईक सापडेपर्यंत गाडी जुन्या मालकाच्याच नावावर फिरत राहते. कधी आठवडाभर, कधी कितीतरी महिने. ई-चलान आलं तर मेसेज त्यालाच. गाडीने कुणाला उडवलं तर पोलिसांचा फोनही त्यालाच.

मोटार वाहन कायद्याचं कलम 50 सांगतं की त्याच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नाव बदलायला अर्ज करायचा. आपल्याकडे विकणारा हे काम पूर्णपणे व्यापाऱ्यावर सोडून देतो. माझी सगळी कळकळ या एका गोष्टीसाठी आहे.

कारण असं घडलेलं आहे. 2009 मधल्या एका अपघातात गाडी तोवर अनेक हातांतून गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्या मालकाचंच होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2018 मध्ये न्यायालयाने सांगितलं, नोंदणीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. गाडी विकून दोन वर्षं होत आली होती, तरीही.

(दृश्य: आरटीओच्या आवारातली गर्दी.)

या अडचणीवर तोडगा निघालेला आहे. केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला, तो 1 एप्रिल 2023 पासून लागू झाला. त्यानुसार जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन विभागाकडून अधिकृत प्रमाणपत्र घेता येतं. अशा व्यापाऱ्याला गाडी देताना फॉर्म 29 सी ऑनलाइन भरायचा. तो भरला की गाडी व्यापाऱ्याकडे असेपर्यंत त्यालाच मालक मानलं जातं आणि जबाबदारीही त्याच्यावर येते. आरसीवर जास्तीचा ओनर न वाढता हे होतं. गाडी कुठे कशासाठी नेली, त्याची नोंदही त्याला ठेवावी लागते. ट्रायल, सर्व्हिसिंग, रंगकाम अशा कामांपलीकडे ती रस्त्यावर फिरवता येत नाही. प्रामाणिक व्यापाऱ्याच्या सोयीचा इतका चांगला नियम दुसरा नसेल, आणि तरी किती विकणाऱ्यांच्या कानावर तो गेलाय?

गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लावून आरसीवरचा बोजा आधी उतरवून घ्या. विम्यातला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुमचा असतो, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं तर पुढच्या गाडीला तो वापरता येतो, सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो 50 टक्क्यांपर्यंत असतो.

आणि फोन वाजेल तेव्हा, "लास्ट किती" याला उत्तर देण्याआधी तुमचे दोन प्रश्न विचारा. तुमच्याकडे अधिकृत डीलरचं प्रमाणपत्र आहे का? गाडी ताब्यात घेताना 29 सी भरणार का? तो "साहेबांना विचारून सांगतो" म्हणाला तर म्हणा, विचारा, मी फोन धरून थांबतो.